एकोणीस बाजा

सोमवार, ३ मार्च

आमच्या चिखलीच्या घरात तीन पिढ्या कारकून. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं वडील म्हणायचे. मी नर्स झाले, पण रक्त कारकुनाचंच. या उपकेंद्राची अकरा रजिस्टरं मी एकटी लिहिते, आणि तालुक्यात दुसरीकडे कुठे इतकी नीट असतील तर मी नाव बदलेन. पण आज जे झालं ते अकरांपैकी एकातही बसत नाही. म्हणून ही वही.

सकाळी बुलढाण्याहून आल्हाद नावाचा इंजिनियर आला. पुण्याला शिकलेला, माझ्या मुलाच्या वयाचा. जिल्ह्यातल्या सरकारी इमारतींना ऊर्जा प्रमाणपत्र द्यायचं ठरलंय म्हणे. फ्रिजवर चिकटवलेले तारे असतात तसंच, फक्त तारे नाहीत, अक्षर. अ सगळ्यात चांगलं, इ सगळ्यात वाईट. इमारत वर्षाला किती युनिट खाते, आणि तेवढे खाऊनही आत माणसाला बसवतं का, हे दोन्ही पाहून अक्षर द्यायचं.

त्याने टेपने भिंती मोजल्या, पंखे मोजले, जुनी बिलं पाहिली, जिन्यावरून छतावर जाऊन आला. मी म्हटलं, "भिंतीचं बीपी तेवढं घ्यायचं राहिलं." हसला बिचारा. जाताना प्रसूतीकक्षात काड्यापेटीएवढी पांढरी डबी लावून गेला. ती दर तासाला खोलीचं तापमान आपणहून टिपून ठेवते. कुणी सांगायला नको, सही नको. मला ती डबी फार आवडली.

तात्पुरतं अक्षर: ड.

मी चौथीत पडशाने आजारी असतानासुद्धा ड आणला नव्हता. पण राग नुसता अक्षराचा नाही. गेल्या मे महिन्यात या प्रसूतीकक्षात एक्केचाळीस अंश होते. लाइट गेलेली, मी पुठ्ठ्याने वारा घालतेय, आणि बाळंतीण म्हणतेय, सिस्टर, मले बाहेर न्या. त्यानंतर वरून आदेश आला की उन्हाळ्यात कक्ष बंद. पुढची बाई चाळीस किलोमीटरवर जायला निघाली आणि जीपमध्येच बाळंत झाली. मायलेकी वाचल्या, ते त्यांच्या नशिबाने. मला ते पुन्हा बघायचं नाही.

आता नवा आदेश असा: प्रमाणपत्रात ब मिळाला तर मेमध्ये कक्ष चालू ठेवता येईल, शिवाय सौर पॅनेल आणि बॅटरी मिळेल. ब नाही मिळाला तर एक मेपासून कुलूप. यंदा मे महिन्यात माझ्या दोघी आहेत. पहिली मनकर्णाबाईंची सून निशिगंधा, पहिलटकरीण. दुसरी चांगुणाची मुलगी, माहेरी आलेली.

ब मिळेल. मी ठरवलंय.

रविवार, १६ मार्च

धुळवड झाली आणि वाळवणाची धाड पडली. या आळीत सगळ्यांच्या घरांवर पत्रे. स्लॅब आणि त्यावर जायला धड जिना, असं फक्त आमच्या इमारतीला. त्यामुळे दरवर्षी होळीनंतर बायका घरच्या बाजा, म्हणजे सुतळीने विणलेल्या खाटा, डोक्यावर घेऊन येतात, छतावर मांडतात, त्यावर जुनी लुगडी अंथरून कुरड्या, पापड, खारोड्या, मुंगवड्या. सेनापती मनकर्णाबाई. साठीच्या पुढची बाई, पण जिना माझ्यापेक्षा चटकन चढते.

सकाळी साडेसहापासून डोक्यावर धपधप. जिन्याचं वरचं दार दिवसभर सताड उघडं. आणि वाळवण वर असलं तरी बाया खाली, माझ्या ओसरीवर. कावळे-बकऱ्या राखायला म्हणून बसतात आणि बसल्या बसल्या हिचं बीपी बघा, तिला लाल गोळ्या द्या, तिसरीच्या लेकराचा कान फुटला तो बघा. आज चौतीस जणी तपासल्या. अशाने माणसाचं खरं काम कधी व्हायचं? प्रमाणपत्राचा अर्ज तसाच पडलाय.

मनकर्णाबाईंनी कुरड्यांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक वाटीभर गरम आणला, वर तेलाची धार. "एवढं खाऊन घ्या सिस्टर, मंग लिवा तुमचं." खाल्ला. चीक उत्तम होता, ते नाकारून चालणार नाही.

शुक्रवार, २१ मार्च

ग्रामपंचायतीकडून छताला लावायचा पांढरा रंग मिळवला. ऊन परतवणारा असतो. तीन चकरा मारल्या, पण मिळवला. आल्हादने फोनवर सांगितलं, "मॅडम, उत्तम. छत स्वच्छ ठेवा म्हणजे झालं." बायकांना दोन दिवस बाजा उतरवायला सांगितल्या. उतरवल्या, कुरकुर न करता.

सोमवार, २४ मार्च

छत दुधासारखं झालंय. डोळे दिपतात. आणि सकाळी सहाला वर जाऊन बघते तर मनकर्णाबाई उभ्या, मागे दोघी, डोक्यावर बाजा.

मी सांगितलं, आता वर काही मांडायचं नाही. चीक सांडतो, मिरचीचे डाग पडतात, रंग खराब झाला की ऊन परत जात नाही.

"काऊन हो सिस्टर? दरसाल धुऊन नाई देत का आमी छत?"

"धुण्याचा प्रश्न नाही, मनकर्णाबाई. नियम आहे."

"कोनाचा?"

"सरकारचा." (तसा तो माझा होता. पण मीही सरकारचीच.)

"मंग सरकार कुरड्या कुठी वाळवते?" मागची बाई हसली. मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, बाज डोक्यावर घेतली आणि उतरून गेल्या. समजूतदार बाई आहे. मी जिन्याच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली टेबलाच्या खणात.

शनिवार, २९ मार्च

शांतता. अशी शांतता या इमारतीत मी तीन वर्षांत ऐकली नव्हती. ओसरी झाडून लख्ख. पंखे निम्मा वेळ बंद, मीटर अगदी गोगलगायीसारखं चाललंय. अर्ज पूर्ण केला, दोन प्रती काढल्या, रजिस्टरांना नवी कव्हरं घातली.

उद्या पाडवा. दरवर्षी चारपाच घरांतून पुरणपोळी येते, म्हणून स्वयंपाक बेतानेच करणार आहे.

सोमवार, ३१ मार्च

काल संध्याकाळी खिचडी टाकली. कुणाकडून काही आलं नाही. महागाई किती वाढलीय.

मंगळवार, ८ एप्रिल

आज पाच रुग्ण. काल चार. केसरबाई, आमची आशा कार्यकर्ती, सकाळपासून काहीतरी बोलायला बघत होती. शेवटी म्हणाली, "सिस्टर, बाया येऊन नाई राह्यल्या."

"बरं आहे ना मग. गाव तंदुरुस्त झालं."

तिला आकड्यांतलं कळत नाही. रुग्ण कमी म्हणजे आजार कमी, पंखे कमी, युनिट कमी. सगळं एकाच दिशेला चाललंय.

प्रसूतीकक्ष मात्र तापतो. डबीवर आकडा दिसत नाही, पण घाम दिसतो. नव्या रंगाला मुरायला वेळ लागत असेल.

गुरुवार, १० एप्रिल

आज जे पाहिलं तेही लिहायलाच हवं.

निशिगंधाची तपासणी दोनदा चुकली होती. म्हणून केसरबाईला घेऊन दहा वाजता मनकर्णाबाईंच्या घरी गेले. अंगणात कुणी नाही. वरून आवाज आला, "कोन हाय?" मान वर केली तर आठव्या महिन्यातली निशिगंधा शिडीवरून पत्र्यावर चढलेली, एका हातात पापडाचं ताट, दुसऱ्या हाताने पत्रा धरलेला. ओरडले नाही. ओरडले असते तर ती दचकली असती. "हळू उतर बाळा, मी धरते शिडी," एवढंच म्हटलं.

खाली आली तर पापण्यांच्या आत पांढरंफटक. तिथेच बोट टोचून पाहिलं. फेब्रुवारीत दहा पूर्णांक चार होतं रक्त. आज आठ पूर्णांक एक. गोळ्या विचारल्या तर म्हणाली, संपून दोन आठवडे झाले.

"मग आली का नाहीस? शंभर पावलांवर दवाखाना आहे."

"येत व्हतो ना सिस्टर, वाळवणाले. आता काय निमित्त सांगू? घरचे म्हंते, बिमार नाईस तं दवाखान्यात कायले जातं?" मग हळूच, सासूच्या खोलीकडे बघत, "आत्याबाईनं बी तुमचं नाव टाकलं. म्हंते, जिथं बाजेले जागा नाई तिथं आपल्याले बी नाई."

मी केसरबाईकडे पाहिलं. ती दोन दिवसांपूर्वी हेच सांगत होती.

शुक्रवार, ११ एप्रिल

निशिगंधाला सोनाळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. लोहाची इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टर म्हणाले, महिना हातात आहे, रक्त भरून निघालं तर बाळंतपण तुमच्याकडे होईल.

दुपारी रजिस्टर काढून बसले. कुलपाच्या आधी दिवसाला तीस, चौतीस, एकोणतीस. नंतर नऊ, सात, पाच. माझ्याच अक्षरात. सुंदर अक्षर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा मी स्वतः भरून ठेवलेला, रोज तारीख घालून.

या गावात बाई स्वतःच्या तब्येतीसाठी घराबाहेर पडत नाही. पापडासाठी पडते. पापड वाळेपर्यंत ती माझ्या ओसरीवर बसायची आणि सहज म्हणून हात पुढे करायची. माझा दवाखाना छतावर चालत होता आणि मी त्याला कुलूप घातलं. मी चुकले. गोल गोल लिहिण्यात अर्थ नाही. मूर्खासारखी चुकले.

पण कुलूप काढलं तर? पंचवीस तारखेला आल्हाद तपासायला येणार. रंगावर चीक, मिरच्या, पाय. ओसरीवर तीस बाया म्हणजे पंखे दिवसभर. ब गेला तर मेमध्ये कक्ष बंद, आणि निशिगंधा जीपमध्ये. ब राखला तर कक्ष चालू, पण त्यात येणार कोण?

दोन तास विचार केला. मग ठरवलं. आधी बाया. अक्षर मी भांडून मिळवीन. आल्हाद पोरगाच आहे, आणि भांडणात मला अजून कुणी हरवलेलं नाही.

रविवार, १३ एप्रिल

मनकर्णाबाईंच्या घरी सकाळी पावणेसहाला गेले. माफी मागायची कशी, हे मला येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. अंगणात चुलीवर चीक रटरटत होता आणि त्या सोऱ्यात चीक भरत होत्या. मी पदर खोचला, समोर बसले आणि सोऱ्याचा दांडा धरला. त्यांनी हात काढून घेतला नाही, पण बघितलंही नाही.

पहिल्या तीन कुरड्या माझ्या अशा पडल्या की कोंबडीनेही नाक मुरडावं.

"दाबा ना जोरानं," त्या म्हणाल्या. "कुलूप लावाले लय जोर व्हता हातात."

"होता," मी म्हटलं. "चुकलं माझं."

त्यांनी सोऱ्यात पुन्हा चीक भरला. मग त्या म्हणाल्या, "सुनेचं रक्त कमी झालं, मले ठावं नव्हतं. गोळ्या खाते म्हने तं मले वाटलं खाते. माहा बी राग आंधळाच निंगाला." आणि डोळ्याला पदर लावला. चुलीच्या धुरानं असेल, पण धूर माझ्याकडे येत होता.

मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली, जशी काही चाळीस वर्षं तिथेच होती. मी दोन अटी घातल्या: स्लॅबवर थेट काही टाकायचं नाही, सगळं बाजांवर. आणि वर जाणारी प्रत्येक बाई आधी माझ्या टेबलावरून जाईल.

"अन् माही बी एक अट हाय. दरवाजा उघडाच राहीन."

"राहू द्या."

वाटीत चीक दिला. तेलाची धार जरा कमी होती. पण होती.

मंगळवार, १५ एप्रिल

छतावर पाय ठेवायला जागा नाही. ओसरीवर एकतीस जणी. दोघींची साखर वाढलेली सापडली. चांगुणाच्या मुलीचं बाळ आडवं आहे का म्हणून घाबरले होते, नीट पाहिलं, सरळ आहे. पंखे दिवसभर चालू. मीटर पळतंय. पळू दे.

निशिगंधाला वर जायची बंदी. ती माझ्या टेबलाशेजारी बसून गोळ्यांच्या पुड्या बांधते. एक स्वतः माझ्यासमोर गिळते.

शुक्रवार, २५ एप्रिल

आल्हाद आला. मी भांडणाची तयारी करून, रजिस्टरं मांडून बसले होते. त्याने डबी काढली, लॅपटॉपला जोडली आणि पडद्यावर एक रेघ उमटली. दोन मिनिटं बघत राहिला.

"मॅडम, चोवीस मार्चला इथे काय बदललं?"

"छताला रंग लावून झाला."

"रंगाने रेघ खाली यायला हवी. ती वर गेलीय. बाहेर अडतीस असताना आधी आत तेहेतीस असायचं. चोवीसनंतर बाहेर तेवढंच, आणि आत छत्तीस. आणि हे बघा, तेरा एप्रिलला एकदम खाली. आधीपेक्षाही खाली. परवा बाहेर बेचाळीस होतं, आत चौतीस. काय केलंत तुम्ही तेरा तारखेला?"

मला सांगता आलं असतं की रंग मुरला. त्याने मान्यही केलं असतं. पण ती डबीही माझ्यासारखीच नोंद ठेवणारी, मग तिच्यासमोर खोटं कसं बोलायचं? म्हटलं, "चोवीसला मी कुलूप लावलं. तेराला काढलं."

तो वर गेला. मी मागून. सगळीकडे बाजा, खाली हातभर मोकळी जागा, त्यातून वारा. त्याने एका बाजेखाली स्लॅबवर हात ठेवला, मग उन्हातल्या रंगावर ठेवला. पुन्हा बाजेखाली ठेवला. मग जिन्याच्या दारात उभा राहून खिशातला कागदाचा कपटा धरला. कपटा बाहेरच्या दिशेला फडफडायला लागला. खालची सगळी गरम हवा जिन्याने चढून दारातून बाहेर पडत होती.

"धुराडं आहे हे, मॅडम," तो म्हणाला. "आख्खी इमारत इथून श्वास सोडते. रंग, त्यावर सावली आणि हे दार. यापेक्षा चांगलं मी लाखभर खर्चूनही सुचवलं नसतं."

मनकर्णाबाई कुरड्या उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बिनधुराड्याच्या घरात चूल पेटवली तं मानूस घुसमटते, हे सांगाले इंजिनियर कायले लागते बाप्पा?"

युनिट वाढलेत, पण माणसं सहापट, आणि आल्हाद म्हणाला की माणशी हिशोब त्याला मांडता येतो. तात्पुरता ब! पण अट आहे. डबी पंधरा मेपर्यंत भिंतीवर राहणार. त्या काळात कक्ष एकदाही छत्तीसच्या वर गेला तर ब रद्द आणि कक्ष बंद. ही अट मी ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवली. माझा आवाज मोठा आहे, वरपर्यंत गेला असेल.

सौर पॅनेल पावसाळ्यानंतर येतील. त्यावरून मनकर्णाबाईंनी आल्हादला तिथेच गाठलं. "पाट्या किती जागा घेतीन?" तो म्हणाला, अर्धं छत. "मंग अर्धा सुर्य तुमचा, अर्धा आमचा. लिवून घ्या." त्याने खरंच लिहून घेतलं.

शुक्रवार, २ मे

बाहेर त्रेचाळीस. मी आता कक्षात स्वतःचं थर्मामीटर टांगलंय. दुपारी तीनला पस्तीस. काळजाचे ठोके मोजत बघते, पण पुढे सरकत नाही. निशिगंधाचं रक्त नऊ पूर्णांक आठ! डॉक्टर खूश, मी त्यांच्याहून खूश.

वाळवण मात्र संपायचं नाव नाही. बाजा अजून वरच. यंदा गावात लग्नं जास्त दिसतात. बाया दुपारी बादल्या घेऊन वर जातात आणि छत धुतात. म्हटलं होतं ना, दरसाल धुतात म्हणून. शब्दाच्या पक्क्या.

केसरबाईची पाठ धरलीय. "खाली निजून निजून, सिस्टर," म्हणाली. मलम दिलं आणि ओझं उचलू नको म्हणून बजावलं. परवा आणखी दोघी पाठीची तक्रार घेऊन आल्या होत्या. या वयात सांभाळायला हवं.

सोमवार, ५ मे

चांगुणाच्या जावयाला पहाटे अंगणात विंचू चावला. धडधाकट माणूस अंगणात जमिनीवर कशाला झोपतो, म्हणून मी त्याला चांगलं झापलं. तो नुसता हसला. अधूनमधून लोकांचं डोकं चालत नाही उन्हाने.

शुक्रवार, ९ मे

झालं! मुलगी. दोन किलो सातशे. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. बाळ-बाळंतीण ठणठणीत.

नीट लिहिते. सकाळी सातला निशिगंधाच्या कळा सुरू झाल्या. साडेअकराला लाइट गेली, जशी मेमध्ये जाते तशीच. बाहेर त्रेचाळीस. पंखा थांबला आणि मला गेल्या वर्षीचा पुठ्ठा आठवला. थर्मामीटरकडे बघायची हिंमत होईना. पण खिडकीतून जिन्याकडे हवा वाहत होती. थोडी, पण एकसारखी. वरून पाणी शिंपडल्याचा आवाज येत होता. निशिगंधाने एकदाही बाहेर न्या म्हटलं नाही. तिने माझा हात मात्र असा आवळला की अजून बोटं दुखताहेत. बाळ रडलं तेव्हा मी पहिल्यांदा थर्मामीटर पाहिलं. साडेपस्तीस.

मी रडले. पंचवीस वर्षांत कक्षात कधी रडले नव्हते.

सगळं आवरून, केसरबाईला बाळाजवळ बसवून मनकर्णाबाईंना सांगायला वर गेले. त्या बादली घेऊन उभ्या होत्या, पदर भिजलेला. "नात झाली," म्हटलं. त्यांनी बादली खाली ठेवली, दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं आणि कानशिलावर बोटं मोडली. मग मी आजूबाजूला पाहिलं.

बाजांवर काही नव्हतं. कुरडई नाही, पापड नाही, खारोडी नाही. प्रत्येक बाजेवर नुसतं ओलं लुगडं.

"मनकर्णाबाई, वाळवण कुठाय?"

"वाळवण तं आखाजीलेच संपलं, सिस्टर. दहा दिवस झाले."

"मग बाजा?"

"तुमी ते वाचलं नाई का त्या दिशी? छत्तीसच्या वर नाई जाऊ द्याचं म्हून." त्यांनी बादली उचलली आणि पुढच्या लुगड्यावर पाणी मारलं. "चांगुनाच्या पोरीची बाकी हाय अजून. तवर राहू द्या."

मी बाजा मोजल्या. एकोणीस. या गावात मे महिन्यात घरात कुणी झोपत नाही. अंगणात बाज टाकतात, त्याशिवाय झोपच येत नाही. एकोणीस घरची माणसं दहा दिवस जमिनीवर झोपत होती, आणि मी पाठीला मलम वाटत होते. त्या विंचू चावलेल्या पोराला मी झापलं. तो हसला का, ते आत्ता कळलं.

खाली आले. आल्हादच्या प्रमाणपत्राच्या अर्जात एक रकाना आहे: इमारत थंड ठेवण्यासाठी वापरलेली साधनं. तिथे मी मार्चमध्ये 'पांढरा रंग' एवढंच लिहिलं होतं. त्याखाली लिहिलं: बाजा, नग एकोणीस.

मग पेन ठेवलं. मनकर्णाबाईंना हाक मारली. माझ्या क्वार्टरमधली नवारीची खाट दोघींनी दोन टोकांना धरली आणि जिन्याने वर नेली. जिना अरुंद आहे, दोनदा अडकली. माझी जुनी सुती साडी भिजवून तिच्यावर अंथरली. खाली येऊन एकोणीस खोडलं आणि वीस लिहिलं. माझ्या कागदावरची ही पहिली खाडाखोड.

आज मी जमिनीवर चटई टाकलीय. पाठ दुखेल. केसरबाईकडून मलम मागून आणलंय.